घडीत गेलेलं पिल्लू

माझ्या मावशीने उभ्या जन्मात एकच पिल्लू हरवलं. तेही बदकाचं आणि तेही कागदावरचं. पण गावाने ते असं काही लक्षात ठेवलं की मावशी साधी भाजी आणायला गेली, तरी भाजीवाला पिशवीत टोमॅटो टाकता टाकता विचारायचा, "काय मग ताई, सापडलं का?" मावशी म्हणायची, "तुझ्या तराजूखाली बघ. वजन उगाच नाही एवढं भरत." आणि तरातरा निघून यायची. घरी आल्यावर मात्र ती पिशवी जरा जोरातच ओट्यावर ठेवायची.

मावशी आरोग्य खात्यात चित्रकार होती. म्हणजे तिने नोकरीभर डास काढले. डास, माश्या, उकळतं पाणी, साबणाने हात धुणारी बाई आणि साबण न लावता हात धुणारा पुरुष. तिच्या डासाच्या चेहऱ्यावर इतका कावेबाजपणा असायचा की दवाखान्यात बसलेले लोक भिंतीवरच्या पोस्टरलाच चप्पल मारत. मावशीला याचा फार अभिमान होता. खात्याने मात्र पोस्टरं फाटतात म्हणून तिला डास जरा गरीब स्वभावाचा काढायला सांगितलं. तो काही तिला शेवटपर्यंत जमला नाही.

सगळं जगच तिला कुणीतरी घाईघाईत काढलेलं चित्र वाटायचं. रस्त्याने जाणाऱ्या माणसाकडे बघून ती हळूच म्हणायची, "डावा खांदा चुकलाय." माझ्या नवऱ्याला पहिल्यांदा भेटली तेव्हा त्याला पाणी विचारायच्या आधी मला म्हणाली, "मुलगा चांगला आहे गं, फक्त कान जरा खाली लागलेत." तो बिचारा अजून आरशासमोर उभा राहिला की एकदा कान चाचपतो. तिने स्वतः लग्न केलं नाही. का नाही म्हणून कुणी विचारलं, तर म्हणायची, जे आले त्या सगळ्यांची प्रमाणं चुकलेली होती.

ती आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर राहते. खाली आम्ही, वर ती, आणि मध्ये गच्चीवर जाणारा जिना. गच्चीवर कपडे वाळत घालायची एकच दोरी आहे आणि त्या दोरीवरून तिचं आणि माझ्या आईचं गेली कित्येक वर्षं भांडण चालू आहे, कारण मावशी कपडे रंगांप्रमाणे वाळत घालते. गडद ते फिकट. मध्ये आईने एखादा टॉवेल अडकवला की मावशीचा दिवस नासतो. माझी आई म्हणजे तिची धाकटी बहीण. आई पोस्टाच्या खिडकीत बसायची आणि शिक्का उमटलेला दिसल्याशिवाय तिचा कशावरच विश्वास बसत नाही. दोघींमध्ये वाद पेटला की आई शेवटी एकच वाक्य बोलते, "तू तर मला विसरली होतीस." त्यावर मावशी गप्प होते आणि टॉवेल राहतो.

त्या वाक्याची गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

दोघी लहान असताना मावशीला एकदा धाकटीला घेऊन बाजारात पाठवलं होतं. वाटेत एक पेंटर शिडीवर चढून दातांच्या डॉक्टरची पाटी रंगवत होता. भला मोठा दात, त्याला हात-पाय, आणि तो हसतोय. मावशी तिथेच थांबली. दाताला हसवायचं कसं, हे तिला बघायचं होतं. बघता बघता दुपार झाली. दात हसला, पेंटर शिडीवरून उतरला आणि मावशीच्या लक्षात आलं की आपला हात रिकामा आहे. आई तेव्हा इतकी लहान होती की तिला स्वतःचं नाव सांगता यायचं, घराचा पत्ता नाही. सगळा बाजार पालथा घातल्यावर ती एका कापडाच्या दुकानात गाद्यांच्या ढिगावर बिस्कीट खाताना सापडली. पायात एकच लाल बूट होता. दुसरा कुठे गेला ते कुणालाच कळलं नाही. घरी मावशीची जी खरडपट्टी काढली गेली, ती तिच्या कायमची लक्षात राहिली. "चित्र बघत बसली आणि पोरीला विसरली," हे वाक्य त्या दिवशी घरात आलं ते मुक्कामालाच. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ते चहाबरोबर मिळायचं.

आता बदकाच्या पिल्लाकडे येते.

मावशी नोकरीत नवी असताना गावातल्या छापखान्याच्या मालकाला हौस आली की आपण मुलांचं चित्रांचं पुस्तक काढावं. एरवी तो आमंत्रणपत्रिका आणि पावतीपुस्तकं छापायचा. गोष्ट त्याने स्वतःच लिहिली आणि चित्रांसाठी मावशीला गाठलं. बदकीण आपली पिल्लं घेऊन तळ्यावर जाते, सगळ्यांत धाकटं वाटेत हरवतं, मग गाय, कुत्रा, कोंबडा, गाढव सगळे मिळून त्याला शोधतात आणि शेवटच्या पानावर ते सापडतं. पुस्तकाचं नाव 'धाकटं कुठं गेलं?' गोष्टीत धाकट्याच्या पायात काय आहे, याचा उल्लेखही नव्हता. मावशीने चित्रात त्याला एकच लाल बूट घातला. ते पिल्लू कोण, हे तिने कुणालाही सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

शेवटचं चित्र दोन पानांवर पसरलेलं होतं. सगळी जनावरं गोल करून नाचतायत, सगळ्यांच्या माना मध्याकडे वळलेल्या आणि बरोबर मधोमध धाकटं. लिंबाएवढं. मावशीच्या मते तिने आयुष्यात काढलेलं सगळ्यांत चांगलं पिल्लू.

छापखानेवाल्याने चित्रं झकास छापली. मग त्याने पुस्तकं शिवली, आणि आयुष्यभर जशी पावतीपुस्तकं शिवली तशीच शिवली. बाजूने दाभण घालून, दोरा ओढून, वरून डिंकाची पट्टी. असं शिवलेलं पुस्तक पुरतं उघडत नाही. प्रत्येक पानाची दोन-दोन बोटं रुंदी शिवणीत जाते. बाकीच्या पानांवर त्याने फारसं बिघडलं नाही. गाय जरा आखूड झाली, पण तिची तक्रार कुणी केली नाही. शेवटच्या पानावर मात्र धाकटं अख्खंच्या अख्खं घडीत गेलं. उरली ती नाचणारी जनावरं. सगळी "सापडलं, सापडलं" म्हणून ओरडतायत आणि बघतायत कुठे, तर शिवणीकडे.

पहिली प्रत मावशीने आईला दिली. आईने एकेक पान उलटलं, लाल बूट बघून गालातल्या गालात हसली, शेवटचं पान उघडलं, परत मागचं बघितलं, परत पुढचं. मग म्हणाली, "ताई, परत विसरलीस?"

आई गमतीत म्हणाली होती. मावशीने पुस्तक हातात घेऊन पाहिलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

ती तडक छापखान्यात गेली. मालक म्हणाला, "मशीन कशाला खोटं बोलेल? असतं तर छापलं असतं." मूळ चित्रं दाखवा म्हणाली, तर म्हणाला कपाटात आहेत, बघतो. त्याचं ते बघणं कधी संपलं नाही. शिवणीत आपणच पिल्लू गिळलं, हे कबूल करायचं त्याच्या जिवावर आलं होतं, एवढं मला स्पष्ट दिसतं. मावशीने एक प्रत उसवूनही पाहिली. पण डिंकाने कागद असे धरले होते की हातात नुसत्या चिंध्या आल्या. मग तिने नाद सोडला, म्हणजे तोंडाने सोडला.

पुस्तक मात्र चाललं. गावातल्या वाचनालयाच्या बालविभागात त्याच्या प्रती झिजल्या, फाटल्या, चिकटवल्या गेल्या. शनिवारी तिथे मुलांना गोष्टी वाचून दाखवतात. त्यात 'धाकटं' आलं की शेवटच्या पानावर थांबायचं आणि प्रत्येक मुलाने धाकटं कुठे आहे ते सांगायचं, असा रिवाजच पडला. कुणी सांगायचं गाढवाच्या मागे आहे. कुणी सांगायचं ते आता मोठं झालं म्हणून ओळखू येत नाही. आमच्या वर्गातल्या एकाने कोंबड्याचं पोट बघा म्हणून सांगितलं होतं. तो पुढे पोलिसात गेला. मीही लहानपणी तिथे मांडी घालून बसले आहे, आणि चित्रं काढणारी ती माझी मावशी म्हणून मुलं माझ्याकडे जरा दयेने बघायची. "तुझी मावशी विसरली ना?"

मावशी सगळ्यांना सांगायची, "मी काढलं होतं." आधी ठासून सांगायची. मग नुसतंच सांगायची. मग सांगेनाशी झाली. अलीकडे एका दुपारी मी वर गेले तर ती टेबलाशी उभी राहून तेच शेवटचं चित्र आठवून काढत होती. ती कायम उभ्याने काढते आणि तेव्हा दुसरा ब्रश दातांत धरलेला असतो. गाय झाली होती, गाढव झालं होतं, सगळे गोल उभे होते. मध्ये कागद कोरा होता.

तिने दातांतला ब्रश काढला. "तुला आठवतं का गं, मी ते काढलं होतं?"

"मावशी, मी तेव्हा जन्मलेसुद्धा नव्हते."

"हो, ते पण आहे," ती म्हणाली. "मला दिसतं ते डोळ्यांसमोर. पण मी इतक्या वेळा सांगितलंय ना, की आता काढलं ते आठवतंय की सांगितलं ते आठवतंय, तेच कळत नाही."

मला त्या दिवशी तिचं फार वाईट वाटलं. बाई आयुष्यभर डासाचे पाय मोजून काढत आली आणि आता तिला स्वतःच्याच हाताचा भरवसा वाटत नव्हता.

आणि अशात छापखाना बंद झाला. मालक केव्हाच गेला होता. त्याच्या मुलाने कपाटं रिकामी केली आणि कापडात गुंडाळलेला एक गठ्ठा वाचनालयात नेऊन दिला. बालविभागाच्या मॅडमचा मला फोन आला. या मॅडम आमच्या गावात नव्या, उत्साहाने नुसत्या उतू जाणाऱ्या. "धाकट्याची मूळ चित्रं मिळालीत. सगळीच्या सगळी. प्रदर्शन करायचंय. मावशींना आणाल ना?"

माझ्या तोंडात प्रश्न आलाच होता. पण मावशी शेजारी उभी होती. तिने माझ्या हातातला फोन घेतला आणि बंदच केला.

"विचारायचं नाही," ती म्हणाली. "जे असेल ते मी माझ्या डोळ्यांनी बघीन."

"आणि नसेल तर?" आई दारातून म्हणाली. आईला असे प्रश्न बरोबर वेळेवर सुचतात.

"नसेल तर तू म्हणतेस ते खरं," मावशी म्हणाली. "मग टॉवेल हवा तिथे घाल."

त्यानंतरचे दिवस मावशी घरात अशी वावरली, जशी तिची कुठलीतरी तपासणी व्हायची आहे. चहात साखर दोनदा घालायची, नाहीतर घालायचीच नाही. कपडेसुद्धा दोरीवर वाटेल तसे टाकले. पांढऱ्याशेजारी काळा. आईने ते बघितलं, कपडे रंगांप्रमाणे लावले आणि मला बजावलं की तिला सांगू नकोस.

प्रदर्शनाच्या दिवशी आम्ही तिघी गेलो. उद्घाटन वगैरे काही नव्हतं, मॅडमना भाषणांचं वावडं होतं. बालविभाग म्हणजे वाचनालयाच्या तळमजल्यावरची लांबट खोली. बुटकी टेबलं, बुटक्या खुर्च्या, खिडकीशी गोष्टींची सतरंजी. भिंतींवर ओळीने चित्रं लावली होती आणि खोली मुलांनी भरली होती. छापलेलं पुस्तक ज्याने पाठ केलंय त्याला मूळ चित्र दाखवलं की काय होतं, ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मुलं चित्राला नाक लावून उभी होती. "इथे पांढरा रंग लावून खोडलंय." "इथे पेन्सिल दिसतेय." गाईच्या पोटावर रंगात ब्रशचा एक केस अडकला होता, तो बघायला तर झुंबड उडाली. मावशीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खाडाखोड कधी पाहुण्यांना दाखवतात का, असं तिचं म्हणणं.

एका मुलाने आकाशातल्या चंद्रावर बोट ठेवून विचारलं, "हा असा का?"

"तो चंद्र नाही, कपाचा डाग आहे," मावशी म्हणाली. "कप ठेवला होता. मग काय करणार, चंद्र केला."

मुलाने ही बातमी लगेच खोलीभर नेली. मावशीच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. पण तिची नजर सारखी पुढे, खोलीच्या टोकाकडे जात होती. शेवटचं चित्र तिथे होतं.

मॅडम हसत हसत आल्या. "शेवटचं भिंतीवर नाही लावलं. ते खास कपाटात ठेवलंय. मी काही सांगणार नाही मावशी, तुम्हीच बघा."

त्या असं म्हणाल्या आणि माझ्या जिवात जीव आला. असल्याशिवाय का कुणी असं हसतं? मावशीने माझा दंड धरला होता, तो आणखी घट्ट धरला. आई मागून पर्स सांभाळत येत होती.

ते भिंतीतलं जुनं कपाट होतं, मजबूत लाकडाचं, दोन काचेच्या दारांचं. आत दिवा लावला होता. चित्र काचेच्या अगदी जवळ उभं केलं होतं, म्हणजे सगळ्यांना नीट दिसावं. गाय होती. गाढव होतं. कुत्रा, कोंबडा, बदकीण आणि तिची बाकीची पिल्लं. सगळ्यांच्या माना मध्याकडे वळलेल्या. आणि मध्ये होती लाकडाची पट्टी. दोन दारांच्या दोन जाड चौकटी तिथे एकमेकींना भिडत होत्या, त्यावर आणखी एक फळी ठोकलेली होती, आणि ती बरोबर चित्राच्या मधोमध आली होती.

आम्ही तिघी बघत राहिलो. मॅडमचं हसू हळूहळू मावळलं.

"अहो, पण मी लावलं तेव्हा दारं उघडी होती," त्या म्हणाल्या. "टेपने मोजून बरोबर मध्यावर लावलं. महत्त्वाचं चित्र म्हणून. मग घरी गेले. कुलूप शिपायाने लावलं."

"छान मोजलंत," मावशी म्हणाली. आवाज असा होता की मला ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

"पण आहे हो ते! मी स्वतः पाहिलंय."

"असेल," आई म्हणाली. आईचं 'असेल' मला चांगलं माहीत आहे. ज्या पत्रावर शिक्का नाही त्याला ती असंच 'असेल' म्हणते. मॅडम भल्या बाई आहेत, म्हाताऱ्या माणसाचं मन राखतायत, असं तिला वाटलं होतं. आणि वाईट म्हणजे मावशीलाही तसंच वाटलेलं तिच्या तोंडावर दिसत होतं.

किल्ली शिपायाकडे होती आणि शिपाई सगळ्यांसाठी चहा सांगायला गेला होता. मॅडम त्याला शोधायला धावल्या. मावशी एका बुटक्या खुर्चीवर बसली. गुडघे पार हनुवटीशी आले.

"जाऊ दे," ती म्हणाली. "त्या पिल्लाच्या नशिबातच नाही कुणाला दिसायचं. नाहीतर ते नसेलच."

एवढ्यात एक लहान मुलगी कपाटापाशी आली. पुढचे दोन दात पडलेले, वेणी सुटलेली. नंतर मॅडमनी सांगितलं की ही दर वेळी गोष्टीच्या शेवटी सांगते, धाकटं रुसून बसलंय, उगाच हाका मारू नका. ती काही वेळ समोरून बघत राहिली. मग मोठी माणसं करणार नाहीत ते तिने केलं. कपाटाच्या कडेला गेली, उजवा गाल काचेला चिकटवला, एक डोळा मिटला आणि फळीच्या मागे तिरकं बघितलं.

"आहे की," ती म्हणाली.

मावशीने मान वर केली. "काय आहे?"

"धाकटं. लाकडाच्या मागे बसलंय. मी म्हटलं नव्हतं का?"

आवाज फार मोठा नव्हता, पण खोलीतल्या एकूण एक मुलाला तो ऐकू गेला. क्षणात कपाटाभोवती ही गर्दी. ढकलाढकली झाली, कुणाचा पाय तुडवला गेला, आणि मग त्या मुलीनेच सगळ्यांना दटावून रांग लावली. ज्याचा त्याचा गाल काचेवर. ज्याला दिसायचं तो "सापडलं" म्हणून ओरडायचा आणि लगेच पळत जाऊन रांगेच्या शेवटी परत उभा राहायचा. पुस्तकातली जनावरं इतकी वर्षं शिवणीकडे बघून तेच ओरडत होती, आणि आज पहिल्यांदा त्यांना साथ मिळाली होती.

मावशी मात्र खुर्चीवरून उठेना. "त्या पोरांचं काय," ती पुटपुटली. "त्यांना तर कोंबड्याच्या पोटातही दिसायचं."

तेव्हा आईने पर्स माझ्या हातात दिली. चष्मा पुसला. आणि जाऊन रांगेत उभी राहिली. आई काही कुणाला "मी मोठी आहे, मला जाऊ द्या" म्हणणाऱ्यातली नाही. आयुष्य खिडकीच्या आत काढलेल्या बाईला रांग मोडवत नाही. पुढे मुलं, मागे मुलं, मध्ये आई, पदर खोचून. तिचा नंबर आला तेव्हा ती वाकली, गाल काचेला लावला, एक डोळा मिटला.

ती तिथून हलेचना. मागचा मुलगा चुळबुळ करायला लागला.

"काय गं?" मावशीने खुर्चीवरूनच विचारलं. "आहे का नाही?"

"थांब जरा."

"आहे का नाही ते सांग ना."

"ताई," आई काचेला चिकटूनच म्हणाली, "दोन्ही पायांत बूट आहेत."

मावशी उठली. बुटक्या खुर्चीवरून उठणं सोपं नसतं, पण ती एका झटक्यात उठली. "मग?" ती म्हणाली. "एका बुटावर घरी आणलं असतं, तर परत मीच बोलणी खाल्ली असती."

आई सरळ झाली. गालावर काचेचा गोल लाल वण उठला होता. चष्मा काढून तिने तो पुन्हा पुसला, पण भिजले होते ते डोळे. "तू नव्हतीस विसरली," ती म्हणाली. "मीच आपली सगळ्यांना सांगत सुटले." मग तिने मावशीचा हात धरून तिला काचेशी आणलं, मागच्या मुलाला म्हणाली, "बाळा, ही एकच मध्ये घेते हं, हिचा नंबर फार आधीचा आहे," आणि कुठे बघायचं ते बोटाने दाखवलं.

मावशीने गाल काचेला लावला. ती बराच वेळ तशीच राहिली. इतक्या वर्षांनी ती आपल्याच हातचं काम बघत होती आणि ते तिथे होतं, जसं ती सांगत आली होती अगदी तसं.

मग ती मागे झाली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "चोच जरा चुकलीय."

तेवढ्यात मॅडम शिपायाला घेऊन आल्या. शिपायाच्या एका हातात किल्ली आणि दुसऱ्या हातात चहाची किटली. मॅडम घामाघूम झालेल्या. "मावशी, फक्त एक मिनिट. चित्र चार बोटं सरकवते, म्हणजे सगळ्यांना समोरून दिसेल."

मावशीने रांगेकडे पाहिलं. रांग आता सतरंजीपर्यंत गेली होती. मुलांच्या मागे काही आया उभ्या होत्या आणि त्यांच्याही मागे कोपऱ्यात आमचा भाजीवाला, नातीला घेऊन आलेला. मावशीची आणि त्याची नजरानजर झाली. तो कधी नव्हे तो चक्क खाली बघायला लागला.

"राहू द्या," मावशी मॅडमना म्हणाली. "आहे तिथेच बरं आहे."

मॅडमना काही कळेना, पण त्यांनी किल्ली परत दिली आणि चहा वाटायला घेतला.

प्रदर्शन ठरल्यापेक्षा बरेच दिवस चाललं. कपाटाच्या काचेवर गालांचे डाग पडायचे आणि शिपाई रोज संध्याकाळी ते पुसता पुसता कुरकुर करायचा. एकदा मी गेले होते तेव्हा पुसून झाल्यावर त्याने इकडेतिकडे बघितलं आणि हळूच आपलाही गाल लावला. मग तो डाग पुसला.

परवा सकाळी मी गच्चीवर गेले तर दोघींचं पुन्हा जुंपलेलं. मावशीचे कपडे गडद ते फिकट असे दोरीभर आणि आई हातात ओला टॉवेल घेऊन उभी.

"मध्ये नको," मावशी म्हणत होती. "शेवटी घाल. नाहीतर वाळल्यावर घाल."

"वाळल्यावर कशाला घालू? एवढीशी जागा द्यायला जीव जातो तुझा. तू तर मला..."

आई थांबली. टॉवेलातून पाणी ठिबकत होतं. मावशी हातातला चिमटा तसाच धरून वाट बघत राहिली.

"बोल ना," ती म्हणाली. "काय तुला?"

"काही नाही," आई म्हणाली आणि टॉवेल घेऊन खाली निघाली.

मावशीने तिला जिन्यापर्यंत जाऊ दिलं. मग मधला एक निळा झंपर काढून खांद्यावर टाकला आणि हाक मारली, "अगं धाकटे, आण तो इकडे. होतेय जागा."